मिठाचं पाणी पिणारं झाड

माझं शुद्धलेखन चांगलं नाही, आणि अक्षर तर त्याहून वाईट. हे पान कधी कोणाच्या हाती लागलंच तर त्याने आधी मला माफ करावं. मी चौथीपर्यंत शिकले, तेही भंडाऱ्याकडच्या लहान गावात. त्यानंतर लिहिणं म्हणजे साड्यांना टाचणीने लावायच्या चिठ्ठ्या. मी घरी फॉल-पिकोचं काम करते. चिठ्ठीवर बाईचं नाव आणि साडी कधी पाहिजे तो वार, एवढंच लिहावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी साडी बरोबर घरी पोचते. पण झाडाची ही गोष्ट चिठ्ठीत मावत नाही, आणि बोलून मला ती कधी नीट सांगता आली नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. म्हणून लिहिते.

आम्ही रायपूरला पुरानी बस्तीत राहतो. माडीवर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन आणि दिवाण, मागच्या खोलीत स्वयंपाक. मागच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, आणि मान वाकडी केली तर आभाळाची एक पट्टी. आमचे हे सदर बाजारात कपड्याच्या दुकानात साड्या दाखवायला आहेत. फॉल-पिकोचं काम त्याच दुकानातून येतं. ते गठ्ठा घेऊन येतात, मी शिवते, ते घेऊन जातात. त्यामुळे मला बाहेर जायचं कारणच पडत नाही. कोणी कुलूप लावलं नव्हतं, पण विचारल्याशिवाय जिना उतरायचा नाही हे लग्नापासून ठरून गेलेलं.

हे झाड माझ्या दिराने आणलं. ते रेल्वेत आहेत. पासवर कुटुंबाला घेऊन कोकणात समुद्र पाहायला गेले होते. तिथे काळ्या खडकाच्या फटीत त्यांना हे दिसलं. वीतभर उंची, पण खोड माझ्या अंगठ्याहून जाड, पिळा दिल्यासारखं, आणि एका बाजूला वाकलेलं. फांद्या पसरलेल्या, पानं जाड, लांबट, वरून चकचकीत आणि खालून राखाडी. मोठ्या शहरातल्या दुकानात काचेमागे ठेवतात तसलं बोन्सायच. दिराने ते चिखलासकट उपटलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि गाडीतून रायपूरला आणलं. जाऊबाईंनी घरात ठेवू दिलं नाही, कारण चिखलाला वास येत होता. मग ते आमच्याकडे आलं.

ह्यांनी फोनमध्ये त्याचा फोटो काढला. फोन झाडाचं नाव सांगतो म्हणे. पहिल्यांदा फोनने जेड सांगितलं. दुसऱ्या बाजूने फोटो काढला तर ऑलिव्ह सांगितलं. तिसऱ्यांदा काही भलतंच. ह्यांनी पहिलं नाव धरून ठेवलं, कारण जेडला इकडे कुबेराचं झाड म्हणतात आणि दुकानदार लोक ते हौसेने ठेवतात.

ह्यांच्या दुकानासमोर एक सोन्या-चांदीची पेढी आहे. त्या सेठजींच्या काउंटरवर एक बुटका वड असतो. ह्यांनी कुंडी नेऊन दाखवली, आणि सेठजी झाडावर खूष झाले. त्यांची अट एकच होती. काटे असलेलं किंवा दूध निघणारं झाड दुकानात चालणार नाही, वास्तूत दोष येतो. म्हणून नाव नक्की पाहिजे. ह्यांनी सांगून टाकलं की ही जेडची जंगली, पुरानी जात आहे. सेठजींच्या दुकानात नवीन काउंटर बसत होतं. अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झाड आणून द्यायचं ठरलं. अर्धे पैसे त्यांनी आधीच दिले. त्या पैशात ह्यांनी स्कूटरचं इंजिन बांधून घेतलं.

तेव्हापासून माझं खिडकीत बसणं सुरू झालं. आमच्याकडे माकडांचा फार त्रास आहे. छतावर काही ठेवता येत नाही, वाळत घातलेले पापडही नेतात. उजेड पाहिजे म्हणून कुंडी खिडकीतच ठेवायची, आणि माकडं येतात म्हणून जवळ माणूस पाहिजे. मशीन मागच्या खोलीत आली. गजाला कुंडी, कुंडीला मशीन आणि मशीनला मी. दिवसभर भिंतीकडे तोंड करून फॉल लावायचा आणि मधेमधे हट् हट् करायचं.

त्याच दिवसांत माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते. ती गोंदियाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून मी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचं नाही, प्रवास तर करायचाच नाही, असं सांगितलं. म्हणजे आता मीच जायला पाहिजे होतं. रायपूरहून गोंदिया काही लांब नाही, सकाळच्या गाडीत बसलं की दुपारच्या आत माणूस पोचतं.

मी धीर करून विषय काढला. हे जेवत होते.

"अजी, पोरगी बोलावून राहिली."

"मंग झाडाजवळ कोण बसन? माकड का तुया मायच्या घरचं आहे?"

मी म्हटलं, खालच्या दीदी पाहतील. खाली एक छत्तीसगढी बाई राहते, माझ्याहून मोठी, तिच्याशीच काय ते माझं बोलणं. ह्यांनी ताट सरकवलं. महागाचं झाड घरात आहे हे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाला कळू द्यायचं नव्हतं. अक्ती होऊ दे, उरलेले पैसे हाती आले की जा, असं म्हणाले. मुलीला सांगितलं की अक्तीनंतर येते. ती म्हणाली, "ठीक है आई." ती रागावली की हिंदीत बोलते.

नंतर झाडाची पानं गळायला लागली.

ह्यांनी शंकर नगरातल्या एका नर्सरीवाल्याला विचारलं. त्याला नाव सांगता आलं नाही, पण तो म्हणाला की कोणीतरी वर्षानुवर्षं छाटून, तार बांधून हे केलेलं आहे, त्याला जपा. चिखल काढून चांगली काळी माती घाला, गोडं पाणी द्या, पानं ओल्या फडक्याने पुसा. आम्ही सगळं तसंच केलं. वास मारणारा चिखल मी धुऊन टाकला. रोज फिल्टरचं पाणी दिलं, रोज एकेक पान पुसलं. आणि रोज सकाळी खिडकीत पिवळी पानं पडलेली असत. हे कामावरून आले की आधी ती पानं पाहायचे.

"काय करून राहिली तू याले? सेठजीले मी का तोंड दाखवू?"

मी काही करत नव्हते. हेच मला सांगता येत नव्हतं. ह्यांनी स्कूटर आता पेढीसमोर लावणं बंद केलं. मागच्या गल्लीत लावून, दुसऱ्या दाराने दुकानात जायचे. नव्या इंजिनाचा आवाज सेठजींच्या कानावर जाऊ नये म्हणून गल्लीच्या तोंडाशीच ते बंद करायचे आणि गाडी ढकलत न्यायचे.

आता बासीचं सांगायला पाहिजे. इकडे उन्हाळ्यात लोक रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवतात आणि सकाळी मीठ टाकून, कांद्याबरोबर खातात. त्याला बासी म्हणतात. अंगातली उष्णता उतरते. मला खालच्या दीदींनी सवय लावली. पण आमच्या घरात बासी चालत नाही. सासऱ्यांपासूनचं आहे ते. आपण नागपूरकडची माणसं, नोकरीसाठी आलो, आपण शिळं खायचं नाही. हे दुकानात गेले की मी वाटीभर बासी घेऊन खिडकीत बसायची. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

एक दिवस हे मधेच परत आले. साड्यांचा एक गठ्ठा राहिला होता. जिन्यावर पाय वाजले तसा मी घाबरून वाटी कुंडीत उलटी केली. मी मीठ जरा जास्तच घालते. भाताची शितं मातीखाली दाबली आणि मशीन चालवायला लागले. हे गठ्ठा घेऊन गेले. मग मला रडू आलं, कारण मीठ घातलं की झाड मरतं हे लहान पोरालाही माहीत असतं. उरलंसुरलं झाडही आता मी मारलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पान गळलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मी पुन्हा थोडं बासीचं पाणी घातलं, मुद्दाम. मग रोजच घालायला लागले. भात मी खायची, पाणी झाड प्यायचं. काही दिवसांनी फांदीच्या टोकाला पानांच्या नव्या जोड्या आल्या, आणि मातीतून बोटासारख्या बारीक काड्या सरळ वर निघाल्या. मला वाटलं दुसरी रोपं येताहेत. मी त्या उपटल्या नाहीत. उपटायचं ठरवलं तरी उपटवल्या नसत्या, इतकी त्यांची मला सोबत झाली होती.

खालच्या दीदींना मी कुंडी दाखवली. ह्यांनी मना केलं होतं, पण कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. त्या माझ्या वाटीकडे आणि कुंडीकडे पाहून हसल्या.

"तोर रूख घलो बासी खाथे का ओ?"

तुझं झाड पण बासी खातं का, म्हणाल्या. मीही हसले. त्या घरात खूप दिवसांनी.

एका सकाळी पानांवर काहीतरी चमकताना दिसलं. बारीक पांढरे दाणे. मला वाटलं कीड लागली. बोटावर घेऊन पाहिले तर दाण्याला पाय नाहीत. भाजीचं मीठ पाहायची सवय हाताला असते, बोट आपोआप जिभेवर गेलं. मीठच होतं. फडक्याने मी रोज हेच पुसून टाकत होते.

त्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला हे गंमत म्हणून सांगितलं. बासीचंही सांगितलं आणि बाबांना सांगू नको म्हटलं. ती पलंगावर पडून पडून कंटाळली होती. तिने फोटो मागितले. पानाचा वरून, पानाचा खालून, खोडाचा. मी जमेल तसे पाठवले. मग तिने विचारलं, "आई, मातीतून वर काड्या येऊन राहिल्या का? पेन्सिलीसारख्या?"

हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिने शोधून काढलं. तिवर. समुद्राच्या काठी, खाडीच्या चिखलात होणारं झाड. खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं. त्या काड्या म्हणजे त्याची मुळं, चिखलात गुदमरू नये म्हणून श्वास घ्यायला वर येतात. तिने सांगितलं की चांगल्या जागी ते झाड घराएवढं होतं. ह्याला कोणी छाटलं नव्हतं की तार बांधली नव्हती. खडकाच्या फटीत चिखल चिमूटभर, वरून वारा आणि लाटांचा मार, म्हणून ते तेवढंच राहिलं. ते उपटून आणायचीही तिकडे परवानगी नाही म्हणे.

फोन ठेवल्यावर मी झाडाकडे पाहत बसले. इतके दिवस मला वाटत होतं की कोणीतरी हौसेने त्याला असं वळवलं असेल.

रात्री जेवताना ह्यांना मी नाव सांगितलं. बासीचं नाही, फक्त नाव. ह्यांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि मग म्हणाले, "हे तोंडातून बाहेर नको काढू. आपल्यासाठी जेडच आहे." मी मान हलवली. मलाही ते पटलं होतं. अक्तीला झाड जाईल, पैसे येतील आणि दुसऱ्या दिवशी मी गोंदियाच्या गाडीत असेन. पिशवी मी भरून ठेवली होती. मुलीला नववा सरत आला होता.

अक्तीच्या आदल्या दिवशी सेठजींनी निरोप धाडला की झाडाची देखभाल करणाऱ्या भाभीजींनाही आणा, पाणी कसं द्यायचं ते विचारून घ्यायचं आहे. मी त्या पेढीत कधी पाय ठेवला नव्हता. हे स्कूटरवर मला पढवत होते. नाव विचारलं तर जंगली जेड म्हणायचं, पाणी विचारलं तर दिवसाआड, बाकी मी बोलतो. मी मागे कुंडी पोटाशी धरून बसले होते आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला मनात जेड, जेड म्हणत होते.

पेढी थंडगार होती. नव्या काउंटरवर झेंडूची माळ लावून जागा केलेली. सेठजी चांगल्या स्वभावाचे वाटले. मला बसायला स्टूल दिलं, थंड पाणी दिलं. कुंडी जागेवर ठेवली तेव्हा सगळे कामगार पाहायला आले. खरंच फार शोभून दिसत होती. सेठजींनी एक पान हातात घेतलं आणि मला समजावून सांगितलं की ते झाडाची किती काळजी घेतात.

"रोज सुबह आरओ का मीठा पानी देंगे, भाभी जी. और हर गुरुवार दूध में कपड़ा भिगोकर पत्ते पोंछेंगे. ठीक है ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळ्यांनीच हो म्हणायला सांगितलं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मला खिडकीतली पिवळी पानं दिसायला लागली, आणि ह्यांचा तो प्रश्न ऐकू आला, काय करून राहिली तू याले.

"मर जाएगा," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की सेठजींनी पुन्हा विचारलं. मग जे निघालं ते थांबलं नाही. हे जेड नाही, तिवर आहे. समुद्राचं झाड आहे, मीठ पितं, पानातून मीठ काढतं. मी ह्याला रोज बासीचं पाणी घालते. हे बासीचं कशाला सांगितलं ते मला आजही कळत नाही. कामगारांपैकी कोणीतरी हसलं. सेठजींनी मघाचं ते पान उलटं केलं, बोट लावलं आणि जिभेला लावलं.

"लक्ष्मी के सामने खारा पेड़ कैसे रखूँ?" ते ह्यांना म्हणाले, माझ्याशी नाही. "भैया, नाम तो सही बताना था. पैसे लौटा दीजिए, जल्दी नहीं है."

आम्ही कुंडी घेऊन घरी परत आलो. जिना चढल्यावर हे बोलले.

"बासी खात होती तू?"

"हो."

"आता सेठजीचा पैसा तूच फेड. पैसा फिटल्याशिवाय रायपूर सोडायचं नाही."

मी फार चांगलं केलं असं मी म्हणत नाही. अक्ती उलटून चार दिवस झाले नाहीत तोच मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला. विहीणबाईंनी सगळं केलं, आणि फोनवर मला एवढंच म्हणाल्या की तुमचं झाड कसं आहे. मुलीने फोनमध्ये बाळाचं तोंड दाखवलं. फोन हलत होता, मला नीट दिसलं नाही. पिशवी भरलेलीच होती. मी ती रिकामी केली नाही, दिवाणाखाली सरकवली. एक झूठ बोलले असते तर त्या फोनच्या त्या बाजूला मी असते, हे मी मशीनवर बसून कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. झाडाकडे पाहून रागही आला. एकदा दिवसभर त्याला पाणी दिलं नाही. संध्याकाळी दिलं.

मग मी काम वाढवलं. फॉल-पिकोबरोबर ब्लाउजच्या तुरपाईचं काम घेतलं. दुकानातून पैसे मिळाले की घरखर्चाचे वेगळे काढून बाकीचे हे सेठजींकडे पोचवायचे. पावसाळा गेला. बाळाचं नामकरण झालं, भंतेजी आले होते, फोनवर वंदना ऐकली. लग्नसराई आली आणि खिडकीपर्यंत साड्यांचे ढीग लागले. माकडं यायची आणि गजातून पाहून जायची. तिवराचं पान त्यांना आवडत नाही, हे मला तेव्हाच कळलं. एकदा एका माकडाने तोडून तोंडात घातलं आणि लगेच थुंकलं. पहिल्या दिवसापासून तिथे कोणी बसायची गरजच नव्हती. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा जरासे हसले, आणि लगेच वर्तमानपत्र उचललं. त्यानंतर सकाळी माझ्यासमोर बासीची वाटी असली तरी ते काही म्हणत नाहीत. स्वतः मात्र खात नाहीत.

शेवटचे पैसे मी माझ्या हाताने नेले. हे म्हणाले, मी देतो, तू कशाला येते. मी म्हटलं, मी येते. आदल्या दिवशी खालच्या दीदींना कुंडी दिली आणि पसियात, म्हणजे बासीच्या पाण्यात, किती मीठ घालायचं ते दाखवलं. दिवाणाखालची पिशवी काढली. दुपटी आता बाळाला पुरणार नव्हती, ते रांगायला लागलं होतं, पण तीच घेतली.

ह्यांनी स्कूटर पेढीच्या अगदी समोर लावली आणि चालूच ठेवली, कारण पुढे स्टेशनला जायचं होतं. मी एकटी आत गेले. पिशवी पायाशी ठेवून पैसे बांधलेला रुमाल सोडला. काउंटरवरच्या त्या जागी आता दुसरी कुंडी होती, खऱ्या जेडची. सेठजींनी विचारलं, वह पेड़ है कि गया. मी म्हटलं, है. त्यांनी नोटा मोजल्या, दुसऱ्यांदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि मान हलवली.

"हो गया, भाभी जी. पूरा."